सिंहाचा शिक्का नाही, म्हणून चांदी खोटी?
वर एकांनी लिहिलंय की जुन्या अमेरिकन चमच्यावर इंग्लंडसारखा शुद्धतेची खूण असलेला सिंहाचा शिक्का नसेल तर चांदीवर भरवसा ठेवू नये. हे मला मुळीच पटत नाही. लंडनमध्ये चांदीचा कस तपासून शिक्का मारणारी संस्था होती, अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमध्ये तशी नव्हती. (बाल्टिमोरला अशी तपासणी 1814 मध्ये सुरू झाली, तीही थोडीच वर्षं टिकली.) त्यामुळे चमच्यावर दिसतो तो फक्त कारागिराचा ठसा, म्हणजे आद्याक्षरं किंवा आडनाव. हमी त्याच्या नावाचीच.

आणि ती हमी किरकोळ नव्हती. बँका नव्हत्या, तेव्हा लोक साठलेली स्पॅनिश नाणी सोनाराकडे नेऊन आटवत आणि भांडी करून घेत. घरातली पुंजीच ती! चोरी झाली तर ठशावरून आणि कोरलेल्या अक्षरांवरून ओळख पटे. तीन अक्षरं त्रिकोणात असतील तर बहुधा वर आडनावाचं, खाली नवरा-बायकोच्या नावांचं. मला चमच्यावर सगळ्यात आधी हेच बघायला आवडतं.

बॉस्टनचा सोनार जॉन हल तर 1652 पासून तिथल्या टांकसाळीचा प्रमुख होता. सोनारावर किती विश्वास असे, ते यावरून कळतं. त्याचा शिकाऊ जेरेमाया डमर पुढे स्वतः नामांकित झाला. अमेरिकन क्रांतीत गाजलेला बॉस्टनचा सोनार पॉल रिव्हिअर, त्याच्याबद्दल इथे भरपूर लिहून झालंय. त्याचे वडील बॉस्टनच्याच जॉन कोनी या सोनाराकडे शिकले, एवढीच भर घालतो.

चमचा उलटा करून बघा. वाटीच्या पाठीवर दांड्यापासून उतरत गेलेली निमुळती, उंच उठलेली रेघ असेल, तर घडण बहुधा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली किंवा त्याआधीची. ‘कॉइन’ (म्हणजे नाण्याच्या दर्जाची चांदी) असा ठसा मात्र एकोणिसाव्या शतकातला.