पोर्टल व्हेन बंद आहे पण लिव्हर चांगलं आहे म्हणतात, मग भावाला कावीळ कशी झाली?

काळजीतली_ताई:
नमस्कार, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. माझा धाकटा भाऊ, वय २६. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत बेंबीला इन्फेक्शन झालं होतं, मग सात वर्षांचा असताना एकदम रक्ताची उलटी झाली तेव्हा कळलं की पोर्टल व्हेन बंद आहे. तेव्हापासून एंडोस्कोपी, बँडिंग (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरबँड लावणं), प्लीहा मोठी, प्लेटलेट कमी हे सगळं घरात पाठ झालंय. पण दरवेळी डॉक्टर म्हणायचे लिव्हर मस्त आहे. आता दोन महिन्यांपासून त्याला खाज सुटते, रात्री तळपाय खाजवून खाजवून झोप नाही, आम्हाला वाटलं स्किनचं काहीतरी असेल, मलमं लावत बसलो आणि मग डोळे पिवळे दिसले. बिलिरुबिन ५.८, अल्कलाइन फॉस्फेटेज भरपूर वाढलंय, अल्ब्युमिन मात्र नॉर्मल. एमआरसीपीच्या (पित्तनलिकांचा एमआरआय) रिपोर्टमध्ये लिहिलंय पोर्टल कॅव्हर्नोमा कोलँजिओपथी, पित्तनलिका एका जागी अरुंद झालीय, त्याच्या वर फुगलीय, शिवाय पित्ताशयात खडे.

लिव्हर चांगलं आहे तर कावीळ आली कुठून? आणि एक सर्जन म्हणतात खडे आहेत तर पित्ताशय काढून टाकू, दुसरे म्हणतात त्याला हात लावू नका, आधी स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) आणि मग शंट (बंद शिरेला वळसा घालून रक्ताला दुसरी वाट करून देणारं ऑपरेशन). आम्ही नक्की ऐकायचं कोणाचं?

पोटपाणी:
ताई, मी पोटाच्याच विभागात काम करतो, भावाला तपासलेलं नाही त्यामुळे हे फक्त समजण्यापुरतं घ्या.

लिव्हर खरंच चांगलं आहे, अल्ब्युमिन हे प्रोटीन लिव्हरच बनवतं आणि ते नॉर्मल आहे, ते तेच सांगतंय. अडलंय ते लिव्हरच्या बाहेर. आतड्यातलं आणि प्लीहेतलं रक्त पोर्टल व्हेनमधून लिव्हरला जातं, ती बंद झाली की रक्त आजूबाजूच्या बारीक शिरांमधून वाट काढतं आणि नेमक्या त्यातल्या बऱ्याच शिरा पित्तनलिकेला लागून असतात. काही नलिकेच्या कडेनं समांतर जातात, काही थेट तिच्या भिंतीवर जाळीसारख्या पसरलेल्या असतात. एरवी त्या दिसतसुद्धा नाहीत. पण वर्षानुवर्षं सगळा लोड त्यांच्यावर आला की फुगून जाड होतात आणि वेलीनं खांबाला विळखा घालावा तसं नलिकेला आवळतात. कॅव्हर्नोमा म्हणजे हाच शिरांचा गुंता.

आता महत्त्वाचं. नलिका अरुंद होण्याचे दोन प्रकार. एक नुसता दाब, म्हणजे शिरांचं प्रेशर उतरलं की नलिका परत मोकळी होऊ शकते. दुसरा प्रकार चिवट, भिंतीला नीट रक्तपुरवठा न मिळाल्यानं तिथे जखमेच्या व्रणासारखा घट्ट भाग तयार होतो, तो प्रेशर उतरलं तरी हटत नाही. बऱ्याच जणांत दोन्ही थोडं थोडं असतं. पित्त साचून राहतं म्हणून खडे होतात, म्हणजे खडे हा परिणाम आहे, मूळ नाही.

म्हणून पित्ताशयाचं ऑपरेशन आधी नको असं जे सांगतायत त्यांचं म्हणणं मला पटतं. त्या भागात सगळीकडे फुगलेल्या शिरा आहेत, शंट न करता तिथे सुरी लावली तर रक्तस्राव आवरणं फार अवघड जातं. आधी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचणं) करून स्टेंट, म्हणजे कावीळ उतरेल, मग शंट, आणि त्यानंतर काही महिन्यांनी परत बघायचं की नलिका मोकळी झाली का. नाही झाली तर मग पित्तनलिका आतड्याला जोडायचं ऑपरेशन, आणि पित्ताशय तेव्हाच काढतात.

बाय द वे, जुन्या कागदांत पोर्टल बिलिओपथी असं लिहिलेलं दिसेल, घाबरू नका, तेच हे. २०१४ साली भारतातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेनं आत्ताचं नाव सुचवलं.

शंटवाला:
मी स्वतः पेशंट आहे. ताई, खाजेबद्दल तुम्ही लिहिलंय ना ते वाचून अंगावर काटा आला, लोकांना वाटतं खाज म्हणजे काय एवढं, पण ती कातडीच्या वर नसतेच हो, आतून येते, कितीही खाजवा हाताला लागत नाही. मला त्यासाठी पाण्यात कालवून घ्यायची पावडर दिली होती. ती बाकीच्या गोळ्यांबरोबर घेऊ नका, ती त्या गोळ्याही धरून ठेवते, मध्ये काही तास जाऊ द्यायचे, किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मला हे दोन आठवड्यांनी कळलं!!

स्टेंट टाकल्यावर आठवड्याभरात लघवीचा रंग सुधारला. पण माझा प्लास्टिकचा होता, तो साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो नाहीतर तुंबतो. माझा एकदा लांबला, कारण मला बरं वाटत होतं म्हणून मीच टाळलं, आणि एका रात्री हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, परत पिवळा. सरळ इमर्जन्सी. नलिकेत इन्फेक्शन झालं होतं. थंडी वाजून ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नका, तापाची गोळी देऊन झोपवू तर अजिबात नका.

शंट झाला तेव्हा प्लीहा काढली आणि तिची शीर डाव्या किडनीच्या शिरेला जोडली. त्याआधी न्यूमोनिया वगैरेच्या लसी घ्यायला लावल्या, प्लीहा गेल्यावर काही इन्फेक्शन जोरात होतात म्हणून. आठ महिन्यांनी स्टेंट कायमचा निघाला. माझं नशीब, सगळ्यांचं तसं होत नाही.

पोटपाणी:
शंटवाल्यांनी प्लीहेची शीर म्हटली त्यावरून आठवलं. प्लेटलेट कमी आहेत म्हणून नुसती प्लीहा काढून टाकू असं कोणी सुचवलं तर शंभर प्रश्न विचारा. ती शीर म्हणजे पुढच्या शंटचा रस्ता, शंट न करता प्लीहा काढली की तो रस्ताच जातो. आणि कावीळ लांबली की व्हिटॅमिन के कमी पडून रक्त गोठायला वेळ लागतो, ईआरसीपीआधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट) बघतीलच, तुम्हीही विचारा.

मूकवाचक:
मध्येच विचारतो, माझ्या मुलीलाही पोर्टल व्हेनचाच त्रास आहे, तिच्या एमआरसीपीत असेच बदल दिसतायत पण कावीळ नाही, खाज नाही, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. आम्हीही स्टेंट टाकून घ्यावा का?

पोटपाणी:
नाही दादा. पोर्टल व्हेन बंद असलेल्या बहुतेकांच्या फोटोत थोडेफार बदल दिसतातच, त्रास त्यातल्या थोड्यांनाच होतो. नुसत्या फोटोसाठी स्टेंट टाकला तर नसलेलं इन्फेक्शन आणि न संपणाऱ्या फेऱ्या मागे लागतील. लिव्हरच्या टेस्ट ठरलेल्या वेळी करत राहा. मुलगी लहान असेल तर मेसो-रेक्स बायपासबद्दल मात्र नक्की विचारा, त्यात रक्त परत लिव्हरमध्येच नेतात, पण लिव्हरच्या आतली डावी शीर उघडी असावी लागते.

काळजीतली_ताई:
सगळ्यांचे खूप आभार, पहिल्यांदाच कोणीतरी आम्हाला नीट समजावलं. रिपोर्ट परत काढून बघितला, स्प्लेनिक व्हेन, म्हणजे प्लीहेची शीर, उघडी आहे असं लिहिलंय, म्हणजे शंटला वाट आहे ना? सोमवारी ईआरसीपी ठरलीय. आयएनआर जास्त आला म्हणून आजपासून व्हिटॅमिन के चालू केलंय. भाऊ विचारतोय स्टेंट आत टोचतो का.

शंटवाला:
टोचत नाही, मला तर कळायचंही नाही. हाच तर धोका आहे, विसरायला होतं. टाकल्याची तारीख आणि काढायची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तुमच्या मोबाईलमध्ये आलार्म लावा, त्याच्या नको, तो बंद करेल.