शब्दचर्चा: ‘घट्ट’ की ‘दाट’?

प्रश्न (मडगाव): तेलविहिरींवरच्या कामगारांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत उतरवते आहे. विहिरीच्या दुरुस्तीवेळी आत सोडायच्या खारट पाण्यात एचईसी, म्हणजे हायड्रॉक्सीइथिल सेल्युलोज, घालतात. त्याला ‘घट्टकारक’ लिहिलंय. चालेल?

उत्तर (वास्को): ताई, ‘घट्ट’ नको. घट्ट दही भांडं कललं तरी हलत नाही, आणि सिमेंट घट्ट होतं ते कायमचं. विहिरीत सिमेंटही वापरतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा घोटाळा होईल. एचईसी घातलेलं पाणी वाहतं, पंपाने ढकलता येतं. आपल्या नाचणीच्या तिजणासारखं. ते ‘दाट’.

प्रश्न (मडगाव): मग ‘श्यानता’, म्हणजे व्हिस्कॉसिटी, कुठे वापरू?

उत्तर (फोंडा): मोजलेल्या आकड्यापुढे, तक्त्यात. सूचनेत ‘दाटपणा’च लिहा.

उत्तर (वास्को): आणखी एक भेद सांभाळा, माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. पेज कितीही दाट असो, ठेवून दिली की शितं तळाशी बसतात. एचईसीचंही तसंच आहे. त्याने पाणी दाट होतं, खडकात झिरपून वाया जाणं कमी होतं. पण पंप थांबला की वाळू हळूहळू खाली बसू लागते. कण अधांतरी धरून ठेवायचे तर झँथान डिंक बरा. तेव्हा ‘दाट करणे’ आणि ‘तोलून धरणे’ ही दोन कामं एका शब्दात कोंबू नका.

प्रश्न (म्हापसा): मध्येच विचारतो. सीएमसी, म्हणजे कार्बॉक्सीमिथिल सेल्युलोज, हेसुद्धा सेल्युलोजचंच ना? मग तेच का नाही वापरत?

उत्तर (फोंडा): त्याच्या रेणूच्या लांब साखळीवर विद्युतभार असतो. कॅल्शियमच्या खारट पाण्यात ती आखडते, दाटपणा जातो. एचईसीवर भार नाही, म्हणून मिठाचा त्याला फारसा त्रास होत नाही.

प्रश्न (मडगाव): पटलं. ‘घट्टकारक’ खोडलं. आता शेवटचं वाक्य असं आहे: ‘पूड एकदम टाकू नये, गुठळ्या होतात, पाणी ढवळत राहून ती हळूहळू मिसळावी.’

उत्तर (फोंडा): ‘मिसळावी’ कशाला? उकडीसाठी आधणात पीठ आपण वैरतो. ‘पाणी ढवळत पूड वैरावी’ लिहा. हळूहळू, थोडी थोडी, हे सगळं त्या क्रियापदातच आलं.