रेडिएटरचा पंखा सुरूच होत नाही. तपासणी कुठून सुरू करावी?

प्रश्न (बीड)

माझी 2014 सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. मागच्या रविवारी आई-वडिलांना घेऊन तुळजापूरला निघालो असता मांजरसुंब्याचा घाट चढताना तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला. मात्र पुढे सपाट रस्त्यावर वेग मिळताच तो खाली आला, म्हणून मी तसाच पुढे गेलो. तुळजापुरात पार्किंगच्या रांगेत गाडी पंधरा मिनिटे जागेवर चालू राहिली आणि काटा थेट लाल खुणेला टेकला. बॉनेट उघडून पाहिले तर पंखा जागचा हलत नव्हता. एसी लावूनही तो फिरला नाही.

एका गॅरेजमध्ये काहीही न तपासता मोटर गेली असल्याचे सांगून पूर्ण फॅन असेंब्ली बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्चाला माझी ना नाही, पण दोष दुसरीकडेच निघाला तर काय, ही धास्ती आहे. फ्यूज मी काढून पाहिला, तो शाबूत आहे. वडील हृदयरोगी असल्याने भर उन्हात रस्त्यात अडकणे मला परवडणारे नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (लातूर)

मी बरीच वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. वेगात असताना काटा खाली येतो, कारण तेव्हा समोरची हवाच रेडिएटर थंड करते; जागेवर उभ्या गाडीला मात्र पंख्याशिवाय दुसरा आधार नसतो. त्यामुळे थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप) आणि वॉटर पंप यांच्यावर माझा संशय कमी आहे. शिवाय बहुतेक गाड्यांत एसी लावताच इंजिन गरम होण्याची वाट न पाहता पंखा लागतो. आपल्या गाडीत तसाही तो लागत नाही, म्हणजे केवळ तापमानाचा सेन्सर बिघडला असण्याची शक्यताही थोडीच. उरतात मोटर, रिले (मोटरला करंट जोडणारा विद्युत स्विच) आणि त्यांच्यामधली वायर.

इंजिन पूर्ण थंड असताना मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढा आणि बॅटरीवरून दोन जाड वायरींनी, मध्ये फ्यूज घालून, मोटरला थेट करंट द्या. पंखा जोमाने फिरला तर मोटर चांगली आहे, ती बदलू नका. फिरला नाही, पण मोटरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर फिरू लागला, तर आतले कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजले आहेत असे समजा. असा पंखा आज चालेल आणि उद्या पुन्हा दगा देईल.

मोटर चांगली निघाल्यास रिले पाहा. हॉर्नच्या रिलेवरचा क्रमांक आणि पिनांची मांडणी जुळत असेल, तर दोन्हींची अदलाबदल करून पाहता येते. त्यानेही फरक पडला नाही तर एसी चालू ठेवून कपलरच्या दोन पिनांमध्ये टेस्ट लॅम्प (तपासणीचा वायर जोडलेला दिवा) लावा. येथे मल्टिमीटरवर विसंबू नका, हे मी आग्रहाने सांगतो. गंजलेल्या किंवा सैल जोडातूनही मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. पंख्याला मात्र दहा-वीस अँपिअर लागतात आणि नेमका तिथेच तो जोड हार मानतो. दिवा मंद लागला तर आधी अर्थची, म्हणजे करंट परत नेणारी, वायर तपासा. हे सर्व करताना बोटे आणि कपड्यांची टोके पात्यांपासून दूर ठेवा. काही गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

उत्तर 2 (परभणी)

कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी बाटलीत न पाहता, इंजिन थंड झाल्यावर रेडिएटरचे झाकण काढून पाहावी. पातळी फार उतरली की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत राहतो, त्याला खरे तापमान कळत नाही आणि पंख्याला हुकूमच मिळत नाही. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो आणि उकळते पाणी थेट तोंडावर येते. आपल्याकडे बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय आहे, त्याचे क्षार नळ्यांत बसतात. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर मिसळलेले कूलंटच वापरावे.

प्रश्नकर्ता (बीड)

दोघांचेही मनापासून आभार. थेट करंट देताच पंखा भरकन फिरला. कपलर उलटा करून उजेडात धरला तेव्हा काळ्या वायरीच्या पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेले दिसले, आणि पीन बोटाने हलत होती. येथील इलेक्ट्रिशियनकडून वायरीसह नवा कपलर बसवून घेतला. अंगणात गाडी वीस मिनिटे चालू ठेवली. काटा मध्याच्या किंचित वर जाताच पंखा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतो. आता तुळजापूरला जाण्यास हरकत नाही ना?

उत्तर 1 (लातूर)

आठवडाभर थांबा. काटा एकदा लाल खुणेला गेलेला आहे, म्हणून रोज सकाळी थंड इंजिनात कूलंटची पातळी पाहा. बाहेर कुठे गळती नसतानाही ती उतरत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांमधले सील) तपासून घेतल्याशिवाय वडिलांना घेऊन निघू नका. पातळी जागेवर राहिली तर खुशाल जा.