डॅकमधली गुणगुण: सप्लाय विकत घेण्याआधी तारा बघा

सोल्डरबहाद्दर

मंडळी, जरा वादाचं बोलतो. घरी डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा बोर्ड) बनवणाऱ्याने "स्पीकरमध्ये हम (गुणगुण) येतोय" असं म्हटलं की सगळीकडून एकच उत्तर येतं: लिनिअर (ट्रान्सफॉर्मरवाला) सप्लाय लाव. मीही लावला. अडीच हजार घालवले.

माझी मांडणी अशी. पीसीएम५१०२ए या डॅक चिपचा जांभळा बोर्ड, त्याच्या आधी यूएसबीतून आयटूएस (चिपला लागणारा डिजिटल आवाजाचा सिग्नल) काढणारा बोर्ड, पुढे बाबांच्या काळातला लोखंडी डब्याचा ॲम्प. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, ॲम्पची वायरही तीन पिनांची. गाणं चालू असताना काही कळत नाही, पण दोन गाण्यांच्या मधे घुंऽऽ. डॅकला वीज देणारा मोबाईल चार्जर काढून ट्रान्सफॉर्मरवाल्या लिनिअर सप्लायचं किट जोडलं, घुंऽऽ तसाच. शेवटी वैतागून लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपटला आणि सगळं चिडीचूप! सप्लायला बोटही न लावता.

म्हणजे गोम होती ती वाटेत. लॅपटॉपचा अर्थ (अर्थिंगचा जोड) यूएसबीच्या तारेतून डॅकमध्ये येतो, तिथून आरसीए केबलच्या (डॅक ते ॲम्प आवाजाची केबल) शील्डमधून, म्हणजे बाहेरच्या जाळीतून, ॲम्पमध्ये जातो आणि ॲम्पच्या पिनेतून परत भिंतीत. पूर्ण वर्तुळ झालं. माझा लॅपटॉप एका भिंतीच्या बोर्डावर, ॲम्प दुसऱ्या, दोन्हीकडचा अर्थ तंतोतंत सारखा नसतो, मग ५० हर्ट्झचा करंट त्या वर्तुळात फिरत बसतो. शील्डचा रोध ०.०५ ओहम धरा, त्यातून १० मिलिअँपिअर गेले तर अर्धा मिलिव्होल्ट पडतो. डॅकचा पूर्ण आवाज २.१ व्होल्टचा. म्हणजे हम साधारण ७२ डेसिबल खाली. वाचायला छान वाटतं, पण १६ बिटची सीडी ९६ डेसिबलपर्यंत जाते, हे लक्षात घ्या.

लॅपटॉप आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणले, हम बराचसा गेला. खर्च शून्य. म्हणून माझं मत: सप्लायच्या मागे धावणं ही हौस आहे, इलाज नाही. बोर्डावर ३.३ व्होल्टचे रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) बसलेलेच असतात.

अंबडचा_इंजिनिअर

एका घरच्या अनुभवावरून फतवा काढू नका. माझ्याकडे नेमकं उलटं झालं. हम अजिबात नव्हता, पण माउस हलवला की स्पीकरमध्ये चिर्रर्र, फाईल कॉपी होताना किटकिट. वर्तुळ तोडून पाहिलं, फरक नाही. यूएसबीचे ५ व्होल्ट बंद करून डॅकला वेगळा सप्लाय दिला तेव्हा गेलं. स्विचिंग सप्लायची (झपाट्याने चालू-बंद होत व्होल्टेज बदलणाऱ्या) घाण बोर्डावरचा छोटा रेग्युलेटर सगळी अडवत नाही. १०० हर्ट्झचा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) तो व्यवस्थित खातो, पण शेकडो किलोहर्ट्झला त्याचे हात तोकडे पडतात.

आणि लिनिअर लावतानाही लोक हिशेब करत नाहीत. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १०० मिलिअँपिअर लोड, पूर्ण ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड): रिपल जवळपास १ व्होल्ट. ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर शिखर साडेआठ, त्यातून दोन डायोडचे दीड वजा, वर रिपलचा एक वजा. उरले सहा. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला वर दोन व्होल्ट तरी लागतात, म्हणजे सात. दर अर्ध्या सायकलला रेग्युलेटर गुडघे टेकतो आणि आवाजात थेट १०० हर्ट्झ. मग म्हणायचं "लिनिअर लावूनही फरक नाही पडला".

सोल्डरबहाद्दर

माझा ट्रान्सफॉर्मर ९ व्होल्टचा आहे साहेब, तेवढं गणित केलंय. तुमचा रोग वेगळा, माझा वेगळा. तुम्हाला किटकिट होती, मला हम.

अंबडचा_इंजिनिअर

मग "सप्लाय ही हौस आहे" हे वाक्य मागे घ्या.

सोल्डरबहाद्दर

घेत नाही. फार तर "हमसाठी" एवढं जोडतो.

बिनधास्त_पंचवटीकर

एवढं पुराण कशाला? ॲम्पच्या प्लगची अर्थची वायर कापा, वर टेप गुंडाळा. दहा मिनिटांचं काम. माझा ॲम्प तीन वर्षं असाच चालतोय, एकदम शांत.

सातपूरचा_वायरमन

दादा, ही पोस्ट काढून टाका. चेष्टा नाही.

तुमचा हम गेला, कारण वर्तुळ तुटलं. बरोबर. पण ती वायर वर्तुळासाठी नव्हतीच. ॲम्पचा डबा लोखंडी, आत ट्रान्सफॉर्मर. उद्या वाइंडिंगचं इन्सुलेशन गेलं किंवा आतली फेज सुटून डब्याला टेकली, तर अर्थ असेल तेव्हा मोठा करंट जाऊन फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर डबा २३० वर बसून राहतो, गपचूप. तुमच्या केबलची शील्ड ते २३० डॅकमध्ये नेते, डॅक यूएसबीतून लॅपटॉपला. मग डबा नाही, लॅपटॉपवरचा हात धक्का खातो. तीन वर्षं काही झालं नाही म्हणजे तीन वर्षं वाइंडिंग टिकलं, एवढंच.

तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन लांब आणि जाड का असते? आत जाताना ती आधी लागते आणि बाहेर येताना शेवटी सुटते. बनवणाऱ्याने विचार केलाय, आपण कापतो.

बिनधास्त_पंचवटीकर

काका, रागावू नका. आमचा जुना वाडा, तिथे सॉकेटमधलं तिसरं भोक शोभेचंच आहे. कापलं काय आणि ठेवलं काय.

सातपूरचा_वायरमन

शोभेचं असतं तर एक वेळ परवडलं. जुन्या वाड्यांत मी याहून वाईट बघितलंय: अर्थच्या भोकाला आतून न्यूट्रलचा तुकडा जोडलेला. मीटर लावला की सगळं ठीक दिसतं, कारण फेज ते अर्थ २३० येतातच. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, की घरातल्या प्रत्येक लोखंडी डब्यावर फेज. फ्रिज, मिक्सर, सगळ्यावर.

आपल्याकडे अजून एक भानगड. खाली काळा बेसाल्ट, वर काळी माती. पावसाळ्यात अर्थिंगचा खड्डा झकास चालतो, एप्रिल-मेमध्ये माती भेगाळली की रोध चढतो. म्हणूनच खड्ड्यात कोळसा-मीठ घालून वर नळी ठेवतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. नळी सगळे बसवतात, पाणी कोणी ओतत नाही.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. अर्थ नसला तरी माणसातून करंट जाऊ लागला की ती तोडते. पण ती अर्थिंगच्या बदली नाही, सोबत. आणि तपासणी स्वतः करू नका, लायसनवाल्याला बोलवा.

सतारीची_तार

मला यातलं इलेक्ट्रिकल कळत नाही, पण कानाचं कळतं. सोल्डरबहाद्दर, तुमचा "घुंऽऽ" हम होता की घरघर? ५० हर्ट्झ आणि १०० हर्ट्झ दोन्ही पेटीच्या पांढरी पाचच्या किंचित वर लागतात, एक सप्तक खाली-वर. सूर एकच असल्यामुळे सप्तकात फसायला होतं. पोतावरून ओळखा: खालचा पोकळ आणि गोल, तोंड मिटून म्हटल्यासारखा. वरचा खरखरीत, जवारी बिघडलेल्या तारेसारखा.

आणि तुमचे स्पीकर शेल्फवर मावणारे असतील तर ५० त्यांच्याकडून नीट येणारच नाही. "चिडीचूप" झालं हे कशावर ऐकून म्हणालात?

सोल्डरबहाद्दर

साडेचार इंची स्पीकरवर. 🙈 आज रात्री हेडफोन ॲम्प लावून ऐकतो.

दोन_ग्राउंड

माझ्या मते मूळ चूक वेगळीच आहे. डिजिटल आणि ॲनालॉग ग्राउंड (करंट परतण्याची वाट) पूर्ण वेगळे ठेवा आणि एकाच ठिकाणी फेराइट बीडने (वेगवान सिग्नल अडवणारा छोटा भाग) जोडा. चिपच्या पायांवरसुद्धा एजीएनडी, डीजीएनडी अशी वेगळी नावं असतात ती उगाच नाहीत.

पॉलिटेक्निकचा_मास्तर

ती नावं चिपच्या आत तो पाय कुठे जातो ते सांगतात. बाहेर त्यांची ताटातूट करा असं त्यात म्हटलेलं नाही.

आयटूएसचा बिट क्लॉक ४४.१ साठी साधारण २.८ मेगाहर्ट्झचा, आणि त्याच्या कडा त्याहून कितीतरी वेगवान. एवढ्या वेगाला परतीचा करंट सर्वांत कमी रोधाची वाट धरत नाही, सर्वांत कमी इंडक्टन्सची धरतो. म्हणजे गेलेल्या तारेच्या अगदी खालून परत येतो. तुम्ही मधे ग्राउंड चिरलं की त्याला वळसा घालावा लागतो आणि तोच वळसा अँटेना होतो. बीड टाकून त्या वळशात अडथळाही उभा केला! अखंड तांबं ठेवा आणि सुटे भाग नीट वाटून बसवा: डिजिटल एका बाजूला, ॲनालॉग दुसऱ्या.

तारांनी दोन बोर्ड जोडत असाल तर आयटूएसच्या प्रत्येक सिग्नलसोबत एक ग्राउंडची तार पिळून न्या, आणि बोटभर लांबीच्या वर जाऊ नका. विद्यार्थी एक लांबलचक काळी वायर टाकतात आणि मग सप्लायला शिव्या देतात.

दोन_ग्राउंड

एकाच ठिकाणी जोडायची पद्धत पिढ्यान् पिढ्या ॲम्पमध्ये चालत आलीय मास्तर.

पॉलिटेक्निकचा_मास्तर

ॲम्पमध्ये चालते, कारण तिथे सगळा मामला २० किलोहर्ट्झच्या आत आणि करंट मोठे. डॅक म्हणजे अर्धा रेडिओच. दोन्हीकडचे नियम एका डब्यात कोंबले की असं होतं.

चिवडा_जास्त_तिखट

वाचतोय. जांभळा बोर्ड असेल तर एससीके (सिस्टिम क्लॉकचा) पाय ग्राउंडला सोल्डर केलाय का तेवढं बघा. तो लोंबकळत ठेवला की चित्रविचित्र आवाज येतात. बाकी चालू द्या.

सोल्डरबहाद्दर

तो पहिल्याच दिवशी केला. आता कबुलीजबाब.

हेडफोनवर ऐकलं. लॅपटॉप बॅटरीवर असतानाही बारीक घरघर आहे. सतारताई, तुम्ही म्हणता तसं, जवारी बिघडलेल्या तारेसारखंच. म्हणजे १०० हर्ट्झ, वर्तुळाशी संबंध नाही. डबा उघडला. किटच्या आउटपुट टर्मिनलच्या एका स्क्रूचे आटे गेले होते, म्हणून डॅकची मायनसची तार मी जवळच दिसलेल्या ब्रिजच्या मायनस पायाला सोल्डर केली होती. आणि आरसीएचे सॉकेट लोखंडी डब्याला टेकलेले, डबा आउटपुटच्या मायनसला. ब्रिज ते कपॅसिटर या पट्टीतून कपॅसिटर भरताना दर अर्ध्या सायकलला करंटचे झटके जातात. त्या पट्टीच्या एका टोकाला माझा डॅक, दुसऱ्या टोकाला माझं आउटपुट. झटके सरळ सिग्नलमध्ये.

तार कपॅसिटरच्या पुढे, टर्मिनलला हलवली. घरघर गेली. यावेळी हेडफोनवर ऐकूनच म्हणतोय.

अंबडचा_इंजिनिअर

म्हणजे शेवटी सप्लायच.

सोल्डरबहाद्दर

सप्लाय तोच आहे हो! तार हलवली.

अंबडचा_इंजिनिअर

सप्लायची तार.

सातपूरचा_वायरमन

तुमची भांडणं नंतर. सोल्डरबहाद्दर, तुमच्या डॅकचा डबा लोखंडी, आत २३० चा ट्रान्सफॉर्मर. त्याची वायर किती पिनांची?

सोल्डरबहाद्दर

...दोन.

सातपूरचा_वायरमन

वा. पंचवटीकरांना मी एवढं झापलं, आणि धागा काढणारेच तसे. उद्याच्या उद्या तीन पिनांची वायर लावा. अर्थची तार डब्याला, रंग खरवडून, लग आणि दातेरी वॉशर लावून. सोल्डरच्या भरवशावर नाही.

सोल्डरबहाद्दर

मान्य काका. पण मग डब्याचा अर्थ आणि ॲम्पचा अर्थ मिळून नवं वर्तुळ तयार होणार, आणि मी पुन्हा घुंऽऽ.

पॉलिटेक्निकचा_मास्तर

त्याला रस्ता आहे. डबा थेट अर्थला, त्यात तडजोड नाही. आरसीए सॉकेटना प्लास्टिकचे वॉशर घालून डब्यापासून सोडवा. मग बोर्डाचं ग्राउंड डब्याला १० ओहमच्या रेझिस्टरने जोडा, त्याला समांतर एक धातूच्या खोक्यातला २५ किंवा ३५ अँपिअरचा ब्रिज आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ब्रिजचे प्लस-मायनस आपसात जोडायचे आणि एसीचे दोन पाय वापरायचे. हमचा व्होल्टेज काही मिलिव्होल्ट, तेवढ्याला डायोड उघडत नाहीत, वाटेत १० ओहम उभे. फॉल्ट झाला तर डायोड उघडतात आणि सगळा करंट अर्थला. शील्डच्या ०.०५ समोर १० ओहम, म्हणजे जवळजवळ सगळा हम त्या रेझिस्टरवरच पडतो.

लॅपटॉपकडचं वर्तुळ याने तुटणार नाही. तिथे एडीयूएम४१६० चिपवाला यूएसबी आयसोलेटर (तांब्याचा जोड तोडून डेटा पुढे नेणारा) लावा, पण तो फुल स्पीडचा, १२ मेगाबिटचा आहे. हाय स्पीडवर चालणारा बोर्ड त्याला जुळेलच असं नाही. नाहीतर एकाच एक्स्टेन्शनवर ठेवा, जसं आत्ता आहे.

बिनधास्त_पंचवटीकर

मी प्लग बदलला काका, खरंच. आता हम परत आलाय आणि घरमालक खड्डा खणू देत नाहीत, अंगणात तुळस आहे म्हणतात. मधल्या काळात काय करू? कोणी म्हणालं ऑप्टिकल केबल घे.

अंबडचा_इंजिनिअर

टॉसलिंक घ्या, काचेतून-प्लास्टिकमधून फक्त उजेड जातो, तांबंच नाही. लॅपटॉपकडचं वर्तुळ मुळातच होत नाही. डॅकला तसं इनपुट मात्र हवं.

सातपूरचा_वायरमन

घ्या. आवाज शांत होईल. पण ॲम्पच्या डब्यातला धक्का उजेडाने थांबत नाही हो. खोलीत आरसीसीबी बसवून घ्या आधी, आणि मालकांना सांगा, खड्डा तुळशीपासून लांब, परसात घेऊ. रविवारी मी येऊन बघतो.

बिनधास्त_पंचवटीकर

या काका. मिसळ माझ्याकडून.

अंबडचा_इंजिनिअर

आणि धाग्याचं शीर्षक?

सोल्डरबहाद्दर

"सप्लाय विकत घेण्याआधी" असंच आहे. नीट वाचा.