लकव्यानंतर आईचा उजवा हात: घरी नक्की काय करून घ्यायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आईला (वय ६३) गणपतीच्या सुमारास लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी आलाय, काठी घेऊन बाथरूमपर्यंत जाते, बोलणंही सुधारलंय, पण हात काही येत नाहीये. खांदा थोडा उचलते, कोपर वाकतं, बोटं मात्र मिटलेलीच, उघड म्हटलं की जराशी हलतात आणि परत मूठ. आम्ही तासगावजवळ राहतो, फिजिओ आठवड्यातून दोनदाच येतात, बाकीचे दिवस मीच असते. शेजारच्या काकू म्हणतात गरम तेलाने चोळ आणि हात वर ओढून धर, चुलतभावाने दाराला अडकवायची पुली आणि मऊ बॉल आणून दिलाय, तो ती दाबत बसते. आता खांदा इतका दुखतो की हात लावू देत नाही. आणि चहा, जेवण, पदर सगळं डाव्या हातानेच. कुणी घरी करून घेतलं असेल तर सांगा प्लीज.

फिजिओ_नाशिक
ताई, आधी ती पुली काढून ठेवा. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात, हाताचं हाड खोबणीत नीट धरलेलं नसतं, त्यात पुलीने हात डोक्यावर खेचला की आतला भाग चिमटतो आणि दुखणं वाढतं. उठवताना काखेत हात घालून किंवा तो हात धरून ओढू नका, घरातल्या सगळ्यांना हे सांगा, पाहुण्यांना पण. बसल्यावर हात उशीवर, लोंबकळत ठेवायचा नाही. तेल लावा पण कोमट, कारण त्या बाजूला संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळत नाही. दुखणं तुमच्या फिजिओंना या आठवड्यातच दाखवा.

बॉलचं म्हणाल तर मूठ आवळायला हात आपोआपच शिकलाय, आपल्याला उघडायला शिकवायचंय. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर तिचा पंजा ठेवा आणि समोर सरकवायला सांगा, पाठ खुर्चीला टेकलेलीच हवी. नाहीतर पेशंट कंबरेतून पुढे झुकतात आणि हात पोचला असं वाटतं, कोपर मात्र सरळ झालेलंच नसतं. मग रिकामा स्टीलचा पेला समोर ठेवा, धरण्यापेक्षा सोडण्यावर जोर द्या. सोडताना मनगट थोडं खाली वाकवलं की बोटं उघडायला सोपी जातात. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा, आणि खांदा दुखला की थांबायचं.

आजोळ
आमच्या बाबांचं डाव्या हाताचं असंच होतं. आम्हाला आरशाचा उपयोग झाला. आरसा उभा धरायचा, आजारी हात मागे लपवायचा, चांगला हात पुढे ठेवून उघड-मीट करायची आणि बघायचं आरशात, म्हणजे आजारी हातच हलतोय असं दिसतं. ही युक्ती मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात-पाय कापलेल्या पेशंटसाठी काढली होती, नंतर लकव्यातही वापरायला लागले. बाबा आधी वैतागले पण नंतर स्वतःच आरसा मागायचे. बाकी मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, पोळपाटावर दोन्ही हातांनी लाटणं, असं काहीतरी ओळखीचं काम द्या, नुसते व्यायाम म्हटलं की त्यांचं मन लागत नाही. आणि सकाळी करून घ्या हो, संध्याकाळी माणूस पार थकलेलं असतं.

वाचनवेडा
आजारी हात वापरावाच लागावा म्हणून चांगला हात बांधून ठेवायचा असं ऐकलंय, ते घरी करावं का?

फिजिओ_नाशिक
दादा, बांधायचा नसतो, जाड मोजा घालतात. अमेरिकेत एक्साइट नावाची मोठी चाचणी झाली, २००६ साली छापून आली, दोन आठवडे जागेपणीच्या ९० टक्के वेळ चांगल्या हातावर मोजा आणि सोबत रोज कसून सराव, त्याने फायदा दिसला. पण त्यात मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडणारेच पेशंट घेतले होते. या आईंची बोटं अजून तेवढी येत नाहीत, मोजा घातला तर नुसती चिडचिड होईल, शिवाय काठी त्या चांगल्या हातातच धरतात, पडण्याची भीती. फिजिओंना विचारल्याशिवाय नको.

आणि ताई, एक मनापासून सांगते. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत अटेंड नावाची चाचणी झाली, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. घरच्यांना शिकवून घरीच व्यायाम करून घेतले, तरी सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक दिसला नाही. म्हणून सगळा भार एकटीवर घेऊ नका. हात हळू आला तर तुम्ही कमी पडलात असं अजिबात नाही. फिजिओ येतील तेव्हा समोर करून दाखवा, चुकतंय तिथे दुरुस्त करून घ्या, दर वेळी एक काम बदलून मागा. मूठ फारच घट्ट होत असेल, नखं तळव्यात रुतत असतील तर न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा, स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं त्यासाठी देतात, पण नंतर सराव लागतोच.

कृष्णाकाठ
खूप आभार सगळ्यांचे. पुली काढली, काकूंनाही समजावलं. आज टॉवेलवर केलं तर पाठ टेकवल्यावर हात निम्म्यापर्यंतच गेला, आधी ती झुकून पूर्ण नेत होती ते आता कळलं. नखं रुततात थोडी, तळव्याला वास पण येतो. मूठ उघडून धुवायची कशी, बोटं सरळ ओढायची का?

फिजिओ_नाशिक
बोटं ओढू नका. मनगट आधी खाली वाकवा, अंगठा मुळाशी धरून हळूच बाहेर घ्या, मग बाकीची बोटं सैल पडतात. कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्यात नीट कोरडं करा, नखं कापा आणि तळव्यात मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवा.