भीतीच्या प्रसंगाला पार्श्वसंगीत हवंच कशाला?

कोरा_पडदा
हल्लीचा कुठलाही थरारपट लावा. नायिका दाराकडे निघते, अजून कडीला हातही लागलेला नसतो, तोवर ढोल घुमायला लागतात आणि व्हायोलिनं किंचाळतात. दार उघडेपर्यंत आपण घाबरून मोकळे झालेलो असतो. काय वाटून घ्यायचं हे संगीतच आपल्याला बजावतं. लिहिताना आणि चित्रीकरणात जो ताण साधला नाही तो मागाहून संगीताने भरून काढतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) आठवा. शाहिराची गाणी आहेत, पण ती स्टेजवर उभं राहून म्हटलेली. पार्श्वसंगीत नाहीच. कॅमेरा जागचा हलत नाही, न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगतात, पुढची तारीख पडते. त्या शाहिराला जामीन मिळतो की नाही एवढ्यावर माझा जीव टांगणीला लागला होता.

मंद्रसप्तक
साफ असहमत. 'सायको' (१९६०) घ्या. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असं हिचकॉकचंही म्हणणं होतं. बर्नार्ड हर्मनने तरीही ते लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने आपला निर्णय फिरवला. अख्ख्या चित्रपटाला फक्त तंतुवाद्यं आहेत, ना तालवाद्य, ना फुंकवाद्य. इतर प्रसंगांत वादकांना तारांवर म्यूट लावून वाजवायला सांगितलंय, म्हणून सूर दबलेला, कोंडलेला येतो. न्हाणीघरात म्यूट निघतात आणि तेच व्हायोलिन अंगावर धावून येतं.

पण माझा खरा पुरावा त्याच्या आधीचा आहे. नायिका मॅरियन चोरीचे पैसे घेऊन पावसात गाडी चालवतेय. पडद्यावर काय दिसतं? तिचा चेहरा, काच, वायपर. आवाज बंद करून बघा, एक बाई गाडी चालवतेय एवढंच उरतं. आवाज वाढवा, तिच्या छातीतली धडधड ऐकू येते. हे चित्रीकरणाचं अपयश झाकणं नव्हे. चेहऱ्यावर दाखवता येत नाही ते संगीताने सांगितलंय.

कोरा_पडदा
त्याच हिचकॉकने तीन वर्षांनी 'द बर्ड्स' काढला आणि त्यात नेहमीचं पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. शाळेबाहेर बाकावर नायिका मेलनी सिगारेट ओढत बसलीय, मागे मुलांच्या खेळायच्या सांगाड्यावर एकेक कावळा येऊन बसतोय. तिला दिसत नाही, आपल्याला दिसतंय. व्हायोलिनची गरज पडली का तिथे?

मंद्रसप्तक
त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ध्वनी सल्लागार म्हणून हर्मनचंच नाव आहे! पक्ष्यांचे कितीतरी आवाज ऑस्कर साला यांनी ट्राउटोनियम या विजेवरच्या वाद्यावर काढलेले आहेत. आणि तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात शाळेतून पोरांचं गाणं येतंय ना? कडव्यामागून कडवं चालूच राहतं. गाणं संपेपर्यंत मुलं बाहेर येणार नाहीत हे आपल्याला कळतं, आणि कावळे तर वाढतच चाललेत. वेळ मोजायचं काम ते गाणंच करतंय.

कट_टू_कट
एडिटिंग करतो म्हणून सांगतो, धागाकर्त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कच्चा कट ढिला वाटला की पहिली सूचना येते, "खाली काहीतरी टाका." मग दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत टेम्प ट्रॅक म्हणून लागतं, सगळ्यांच्या कानाला त्याची सवय होते आणि संगीतकाराला 'असंच पण वेगळं' करायला सांगितलं जातं. मिक्सिंगला बसल्यावर पावलांचे आवाज, श्वास, दाराची कुरकुर यांना जागाच उरत नाही. मालिकांचं तर विचारूच नका. सासूने मान वळवली की तीन वेळा धाड-धाड-धाड आणि तीन झूम.

'शोले'तलं ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड बघा. झोपाळ्याची कुरकुर आजही अंगावर काटा आणते. तिथे आर. डी. बर्मनसारखा संगीतकार हाताशी होता, तरी प्रसंग लक्षात राहतो तो त्या कुरकुरीने.

पेटीवाला
'जॉज' (१९७५) चं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर पेटीवर वाजवून बघा: मंद्रात सा आणि कोमल रे, पुन्हा सा, कोमल रे. सुरुवातीला मध्ये भरपूर जागा सोडायची, मग हळूहळू लय वाढवायची. स्पीलबर्गला ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा त्याला थट्टा वाटली होती. चित्रीकरणात यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, त्यामुळे बराच वेळ शार्क दिसतच नाही. त्याच्या जागी हे दोन स्वर पाण्यातून पुढे सरकतात.

आता मुद्द्याची गोष्ट. दोन पोरं शार्कचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा ते संगीत वाजत नाही. किनाऱ्यावर पळापळ होते, पण विल्यम्स गप्प. म्हणजे संगीत आपल्याशी खोटं बोलत नाही, हा विश्वास बसतो. आणि पुढे बोटीवरून पाण्यात आमिष टाकताना शार्क डोकं वर काढतो, तेव्हा आधी एकही सूर नसतो. बसलेला विश्वास तिथे मोडतो, म्हणून थिएटरात किंकाळ्या उठतात. 'काय वाटून घ्यायचं हे बजावणं' याला म्हणत नाहीत.

शुभा_करमाळा
आमच्या भागातलं उदाहरण देते. 'सैराट'चा शेवट. पोर घरात येतं आणि आवाजच जातो. लोक म्हणतात, बघा, नागराज मंजुळेंना संगीताची गरज पडली नाही. पण त्याआधी आपण काय ऐकलंय? अजय-अतुलनी हॉलिवूडमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन केलेलं संगीत. परश्या धावत येऊन विहिरीत उडी घेतो, तेव्हा सगळी व्हायोलिनं त्याच्याबरोबर उडी घेतात. कान एवढे भरलेले असताना शेवटी काहीच ऐकू येत नाही, म्हणून ते सहन होत नाही. हीच शांतता 'कोर्ट'च्या शेवटी ठेवली असती तर कुणाला जाणवलीही नसती.

कोरा_पडदा
पेटीवाला, 'जॉज'चं पटलं, पण तिथे संगीत कुठे थांबायचं हे ठरलेलं आहे. माझा राग अखंड वाजणाऱ्यावर आहे. शुभाताई, तुमचं मात्र पटत नाही. खरा ताण शांततेच्या आधीच येतो. आर्चीचा भाऊ प्रिन्स माणसं घेऊन आलाय, माहेरची भेट आणलीय, आर्ची चहा करतेय. तिथे भीती वाटते ती आपल्याला त्या घरातली माणसं माहीत आहेत म्हणून. सिंफनी नसती तरी वाटली असती.

शुभा_करमाळा
वाटली असती, पण एवढी नाही. पूर्वार्धात आर्ची समोर आली की वाद्यवृंद लगेच तिच्या बाजूने उभा राहतो. चहाच्या वेळी तो येत नाही. मी थिएटरात त्याची वाट बघत होते, आणि तो येत नाही म्हटल्यावरच मला कळलं की आता हिला वाचवायला कुणी नाही.