मदत हवी: मोजमापाचा 'मेजर' आणि लष्करातला 'मेजर'

चाकण_शिफ्ट: सोमवारी क्वालिटीचं प्रेझेंटेशन आहे, समोर इंग्लंडची मंडळी. 'मोजणे' या अर्थाचा शब्द दर स्लाइडवर आहे आणि तोंडून लष्करातला 'मेजर' निघतो. 'मेझर' म्हटलं तर तेही चूक म्हणतात. जीभ नेमकी ठेवायची कुठे?

पेठकर: प्रेशर कुकर म्हणता ना? मग 'प्र'च्या जागी 'म' घाला: 'मेशर'. आता फक्त मधल्या 'श'ला घोष द्यायचा. गळ्यावर दोन बोटं ठेवून तीन सेकंद 'श्‌ऽऽऽ' करा, बोटांना काही जाणवणार नाही. मग जीभ-ओठ तसेच ठेवून गळ्यातून आवाज सोडा. बोटांखाली थरथर आली की झालं.

'ज'मध्ये जीभ टाळूला टेकते, इथे टेकायची नाही. 'ज्' ताणायला गेलात तर ताणला जातो पुढचा 'अ'. हा आवाज मात्र दम संपेपर्यंत धरता येतो. डिक्शनरीत त्याचं चिन्ह ३ च्या आकड्यासारखं असतं. लष्करी मेजरमध्ये त्याच ३ च्या आधी 'डी' असतो, ती टेकलेली जीभ.

'झ'ने काम भागत नाही. 'झेंडा' म्हणून बघा, जीभ टेकतेच.

कर्वेरोड: त्याआधी 'मे' आखूड करा, 'मेन्यू'तला. लष्करी मेजरचा 'मेइ' लांब असतो. घाईत मधला आवाज हुकला तरी 'मे' आखूड असेल तर ऐकणारा सहसा सांभाळून घेतो. ब्रिटिश उच्चारात शेवटचा 'र' जवळपास नाहीच, तो घोळवू नका. (बोहरी आळीत मात्र 'मेजर टेप'च मागा, नाहीतर दुकानदार दोनदा विचारेल.)

चाकण_शिफ्ट: 'मेशर' जमलं. घोष दिला की जीभ टेकतेच, नाही टेकली तर 'झिरो'तल्या झेडसारखं होतं.

पेठकर: टेकते म्हणजे जोर जास्त लावताय, अर्धा करा. झेड होतोय म्हणजे जिभेचं टोक दातांकडे सरकलंय. मागे घ्या, ओठ 'श'ला असतात तसे किंचित पुढे. एका श्वासात 'श्' आणि घोष आलटून पालटून चार वेळा. जीभ टेकली की हवा तुटते, लगेच कळतं. मग 'व्हिजन', 'डिसिजन', 'प्लेजर', शेवटी तुमचा शब्द. 'गॅरेज' सरावाला नको, तो इंग्रजीत दोन्ही तऱ्हांनी म्हणतात.

चाकण_शिफ्ट: आणि 'मेजरमेंट'?

कर्वेरोड: तेच, जोर 'मे'वरच. 'मेंट' हलकं, जवळजवळ 'मन्ट'.